महाराजांच्या गाडीतली बुरशी

"...मग पुसू तरी कशानं, बुवा?"

परशराम दारातच उभा होता. हातातलं फडकं हिरवट काळं झालं होतं आणि डोळे लाल.

थोरल्या महाराजांच्या मागं मठ सांभाळणारे केदारबुवा शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय पुसतोयस?"

"बुरशी. थोरल्या महाराजांच्या गाडीतली. पुसली की परत येते."

आजऱ्याच्या पलीकडे, जिथं पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, तिथं हा मठ. थोरले महाराज पांढऱ्या अँबेसिडरमधून गावोगाव फिरायचे आणि गाडी परशराम चालवायचा. महाराज गेले, तशी त्यानं गाडी मठामागच्या शेडमध्ये बंद केली. काचा वर, दारांना कुलूप, वरून जाड मखमलीचं आच्छादन. किल्ली करगोट्याला. तेव्हापासून आत कुणी बसलं नाही.

मागच्या सीटला डाव्या अंगाला एक खळगा होता. महाराज बसून बसून पडलेला. समाधीचा दगड पाथरवटानं घडवलेला, पादुका सुताराच्या. परशरामला सगळ्या मठात तेवढा खळगाच महाराजांचा वाटायचा. पुण्यतिथीला लोक काचेतून त्याचं दर्शन घेत. यंदा पुण्यतिथी तोंडावर आली आणि काचेतून आतलं काही दिसेना.

आपण काय काय केलं ते त्यानं सांगितलं. पहाटे आंघोळ करायची, ओलेत्यानं गाडीत शिरायचं, गुलाबपाण्यात भिजवलेल्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं, धूप लावायचा.

"ओलेत्यानं?" बुवांनी विचारलं.

"सोवळ्यात, बुवा. एरवी महाराजांच्या सीटला हात कसा लावणार?"

"आणि दारं?"

"लगेच लावतो. धुपाचा वास आत कोंडून राहतो."

एवढी सेवा मठात दुसऱ्या कुणी केली नव्हती, आणि हे परशरामच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होतं. त्या सेवेनं कुणाचं पोट भरलं असेल तर ते बुरशीचं.

बुवांनी सूप बाजूला सारलं आणि उठले.

शेडमध्ये येऊन त्यांनी परशरामला ड्रायव्हरच्या जागेवर बसायला सांगितलं. तो बसला. बुवांनी काच वर करायला लावली, दार लावलं, मखमल चारी बाजूंनी खाली ओढली. बाहेरचं एक जास्वंदीचं फूल आणून बॉनेटवर ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले.

...

आत आधी सीट कुरकुरली. मग खोकला. मग काचेवर बोटं वाजली. गुरूंनी लावलेलं दार आतून उघडायची परशरामची छाती होईना.

"बुवा, जीव घुसमटतोय."

"हलू नकोस," बुवा म्हणाले. "तुझी पूजा चाललीय."

...

दार उघडलं तेव्हा परशराम बाहेर येऊन जमिनीवरच बसला. खोकून खोकून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. थोड्या वेळानं परशराम आपणहून उठला आणि मखमल ओढून काढली.

पावसानं उघडीप दिली होती, दोघांनी गाडी ढकलत अंगणात उन्हाला आणली. चारी दारं सताड उघडली. नाकातोंडाला फडकी बांधली आणि आधी कोरड्या ब्रशनं बुरशी झाडली, वाऱ्याकडे पाठ करून. पायाखालचं जाजम उचललं तर खाली पाणी साचलेलं. पुढच्या काचेचं रबर चिरलं होतं, शेडच्या पत्र्यातून गळणारा पाऊस तिथूनच आत यायचा. गावातल्या मेस्त्रींनी रबर बदललं आणि इंजिनही चालू करून दिलं. मग व्हिनेगर घातलेल्या पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, पुसायचं, आणि लगेच मागून कोरडं फडकं. यावेळी परशरामच्या अंगावर कोरडी लुंगी होती.

सगळं निघालं. राहिली मागची सीट.

बुवांनी सीट उलटी केली, खालून हात घातला आणि मूठभर काथ्या ओढून काढला. काळा, ओला, कुजलेला. पुन्हा हात घातला. तसाच.

परशराम बुवा आणि सीटच्या मधे येऊन उभा राहिला.

"काथ्या काढला तर खळगा जाईल, बुवा."

"जाईल."

"तो महाराजांचा आहे."

...

बुवांनी मूठ उघडून काथ्या त्याच्या ओंजळीत ठेवला. "मग हे जपून ठेव."

परशराम त्या काथ्याकडे बघत राहिला आणि त्याला रडू कोसळलं. महाराज गेले त्या दिवशीही तो रडला नव्हता. त्या दिवशी गाडी बंद करायची घाई होती.

रडून झाल्यावर तो उकिरड्यावर गेला आणि ओंजळ रिकामी करून आला. उरलेला काथ्या त्यानं स्वतः काढला, बुवांना हात लावू दिला नाही. स्प्रिंगा घासल्या, उन्हात ठेवल्या, नवा काथ्या भरला. सीट एकसारखी झाली, कुठं खळगा नाही की उंचवटा नाही. ती बघून त्याला वाटलं, आता ही जागा कुणाचीच नाही.

पुण्यतिथीला गाडी अंगणात उभी होती, दारं उघडी. लोक आले, नमस्कार करून प्रसादाला गेले. खालच्या वस्तीवरची तानूबाई सगळ्यात शेवटी आली. काठी टेकत चढ चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती. तिनं आत वाकून नव्या सीटवरून हात फिरवला आणि परशरामला विचारलं, "म्हाराज हितंच बसायचं न्हवं?"

हो म्हणावं तर सीट महाराजांनी पाहिलेलीसुद्धा नाही. नाही म्हणावं तर इतकी वर्षं त्यानंच त्यांना इथं बसवून फिरवलेलं. त्यानं बुवांकडे पाहिलं.

...

बुवा पुढं आले. त्यांनी तानूबाईच्या हातातली काठी घेतली आणि मागचं दार धरून उभे राहिले.

"गाडी चालू कर, परशराम," ते म्हणाले. "आणि आजींना विचार, कुठं सोडायचं."