शनिवारचा चहा

“आणि या बाई सांगत होत्या, तेव्हा तुम्ही सगळे काय करत होतात?” टेंभे सरांनी विचारलं.

या बाई म्हणजे मी, अनसूया. निनादच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा माझ्याकडे. चौथी शिकलेय, पण सोमवार कुठला आणि मंगळवार कुठला एवढं मला कळतं. पंधरा दिवस सांगत होते. एकानंही विश्वास ठेवला नाही.

“सर, त्या आमच्या मावशी आहेत,” निनाद म्हणाला. “टेस्टर नाहीत.”

“मी ते विचारलं नाही.”



काय झालं ते सांगते. निनाद चौदा जणांचा साहेब. त्यांनी मोबाइलवरचं एक ॲप बनवलंय. ज्यांना डायलिसिस लागतं, त्यांची पाळी कुठल्या वारी ते त्यात दिसतं. माझ्या जावेला डायलिसिस लागतं. दवाखान्यानं तिची पाळी मंगळवारची सोमवारवर आणली. मोबाइल मंगळवारच दाखवत राहिला.

मी ऑफिसात सांगितलं. एक म्हणाला, नेट नसेल. दुसरा म्हणाला, मोबाइल बंद करून चालू करा. निनाद म्हणाला, “मावशी, तुम्ही साखर जरा कमी टाका. बाकी आम्ही बघतो.”

मागच्या आठवड्यात एकोणीस जणांची पाळी चुकली. एका म्हाताऱ्याच्या फुफ्फुसात पाणी भरलं. वाचला. त्याच्या मुलानं येऊन ऑफिसची काच फोडली. ती मीच झाडली.

आता कंपनीच्या मालकांना दोषी म्हणून एक नाव हवं होतं. निनादच्या खिशात पत्र होतं, कामावरून काढल्याचं. सगळं छापलेलं, नावाची जागा तेवढी मोकळी. ते द्यायच्या आधी तो आपल्या सरांना विचारायला निघाला. मी म्हटलं, मीही येणार, आणि गाडीत जाऊन बसले. नको म्हणायची त्याची छाती झाली नाही.

यशवंत टेंभे सरांनी त्याला पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवलेला. आता ते कराडच्या बाहेर आंब्याची कलमं बांधतात. आम्ही गेलो तेव्हाही हातात रोप होतं. बोलतानाही पट्टी गुंडाळणं चालूच.

“चूक कुणाची ते मला माहीत आहे,” निनाद म्हणाला. “शलाका म्हणून मुलगी आहे. तिच्याच कामातला दोष. तिला आठ दिवस आधी कळलं होतं, सर. लपवलं तिनं.”

“का?”

“भित्री आहे.”

“कशाला भिते?”

निनादनं खांदे उडवले.

“फळ्याला भिते,” मी म्हटलं.

निनादनं माझ्याकडे बघितलं. बघू दे.

“सर, यांच्याकडे चुकांचा फळा आहे. ज्याची चूक, त्याचं नाव फळ्यावर. शनिवारी त्यानं माझ्या हातातला ट्रे घ्यायचा आणि सगळ्यांना चहा द्यायचा. बाकीचे टाळ्या वाजवतात. शलाकाचं नाव तीनदा आलंय. चौथ्यांदा आलं की घरी. तिच्या पगारावर दोन भावंडांची कॉलेजं चाललीत.”

मी पुढे म्हटलं, “आणि एक विचारते सर. चहा देणं ही यांच्यात शिक्षा. मी नऊ वर्षं रोज देतेय. माझा गुन्हा काय?”

सरांचा हात थांबला.

मला शलाकाचाही राग आहे. माझ्या जावेचा मोबाइल तिनं हातात घेऊन बघितला. पांढरीफटक पडली. आणि म्हणाली, ठीक आहे मावशी. ठीक नव्हतं. तोंड उघडलं असतं तर तो म्हातारा दवाखान्यात वेळेवर गेला असता. हे मी सरांनाही सांगितलं.

“पण सर, फळ्यानं शिस्त आली,” निनाद म्हणाला. “सहा आठवडे कोरा आहे. एक नाव नाही.”

“सहा आठवडे कुणी चुकलं नाही?”

“नाही.”

“चौदा माणसं.”

“हो सर.”

सर माझ्याकडे वळले. “अनसूयाबाई?”

“फळा मी पुसते,” मी म्हटलं. “आधी पुसून हात पांढरे व्हायचे. आता नुसती धूळ. पण जिन्यात जाऊन बघा. दोघं दोघं उभी राहून कुजबुजतात. फळा यायच्या आधी पोरं जागेवरून ओरडायची, अरे माझं काहीतरी गंडलंय, या जरा कुणीतरी. आता कुणी ओरडत नाही.”

“जिन्यातलं तुला माहीत होतं, निनाद?”

“मला कोण सांगणार?” तो म्हणाला… आणि स्वतःच थांबला.

सरांनी रोप खाली ठेवलं. “फळ्याची कल्पना कुणाची?”

निनाद हसला. “सर, विसरलात? तुमचीच. लॅबमध्ये प्रोग्रॅम चुकला की फळ्यावर नाव, आणि शनिवारी सगळ्यांना चहा. मी तस्सं उचललं. तीन वर्षांत माझं नाव दोनदाच आलं होतं. वर्गात सगळ्यांत कमी.”

“दोनदाच चुकलास?”

“म्हणजे… सर…”

“निनाद.”

“दोनदाच सापडलो, सर.”

 

मग सर उठले. बालदीत हात धुतले, आत गेले. भांड्याचा आवाज आला, शेगडी पेटल्याचा आला.

“मावशी,” निनाद हळूच म्हणाला, “तुम्ही करा ना चहा. बरं दिसत नाही.”

“मी आज पाहुणी आहे,” मी म्हटलं. आणि बसून राहिले.

सर बाहेर आले. ट्रेमध्ये दोन कप. म्हातारा माणूस, निम्मा चहा बशीत.

निनाद ताडकन उठला. “सर, द्या इकडे. तुम्ही कशाला…”

सरांनी ट्रे सोडला नाही. पहिला कप मला दिला. मग त्याला. स्वतःसाठी आणलाच नव्हता. बसलेही नाहीत.

चहात साखर बरोबर होती.

“पत्र आणलंयस?”

“हो सर.”

“काढ.”

निनादनं कप खाली ठेवला, कागद मांडीवर उलगडला, पेनाचं टोपण काढलं. त्याला बरं वाटलं असावं. सर त्याच्या बाजूनं बोलणार असं धरूनच आला होता तो.

“शलाकाचं आडनाव जरा…” तो पुटपुटला.

मी पदर खोचला. त्या पोरीचं नाव सरांनी घेतलं असतं, तर त्यांनाही सोडणार नव्हते मी.

“मी सांगतो ते लिही,” सर म्हणाले. रिकामा ट्रे अजून त्यांच्या दोन्ही हातांत होता.

निनादनं पेन टेकवलं.

“यशवंत टेंभे.”