महाराजांनी मागून घेतलेल्या कळा

प्रवरेकाठी वडझरी नावाचे ख्रिस्ती वस्तीचे गाव आहे. प्रभू येशूचे कीर्तन करीत गावोगाव हिंडणारे सेवानंद महाराज त्या वर्षी कापणीच्या सणाला तेथे मुक्कामी होते. या सणाला घरची पहिली पेंढी त्या घरच्या कर्त्या मुलाने देवळात वेदीपुढे आणून ठेवायची, असा तिथला रिवाज.

एस्तेरबाई मात्र पेंढी घेऊन एकट्याच आल्या. त्यांचा लेक दानियेल गर्दच्या नशेच्या नादी लागला होता. त्या विषापायी घरातली भांडीकुंडी गेली, सून लेकरांना घेऊन माहेरी गेली, बाप झुरून झुरून वारला. शेवटी दानियेलनेच हात जोडले होते, "आई, मला आत कोंड. कितीबी बोंबललो तरी कडी काढू नको." म्हणून माउली त्याला घरात कोंडून आली होती.

मंडळीचे पंच नथनियेलराव भिंगारदिवे दाराशीच उभे होते. माणूस मोठा प्रार्थनाशील, पण जीभ तिखट! सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "का ओ एस्तेरबाई, लेक कुठंय? कर्त्याशिवाय पेंढी घेत नसत्यात इथं. गर्दुल्ल्याच्या घरचं देवाला कशाला?"

चार माणसे हसली. लाजेने बाईंचे भान हरपले. त्या तशाच घरी धावल्या आणि, काय दुर्बुद्धी म्हणावी, लेकाला सणाला न्यायचे म्हणून त्यांनी कडी काढली!

दानियेल पोटाशी गुडघे घेऊन पडला होता. अंग घामाने निथळत होते, दात वाजत होते. उघडे दार दिसताच तो उठला आणि कोपऱ्यातला विळा त्याने उचलला.

"आई, सरक. मला जाऊ दे."

"नाही रे राजा."

"सरक म्हणतो ना!" विळ्याचे पाते आईच्या गळ्याला लागले. तिने चौकट सोडली नाही.

शेजारणीची किंकाळी देवळापर्यंत गेली. महाराज अनवाणीच निघाले. मागोमाग नथनियेलरावही, मजा बघायला. पण दाराशी येऊन पाहतात तो काय! बाईंच्या गळ्यावरून रक्ताची बारीक धार उतरत होती.

महाराज बाईंच्या कडेने सरळ आत गेले आणि दानियेलपुढे गुडघ्यांवर बसले. "प्रभू," ते म्हणाले, "या लेकराच्या कळा याला सोसवत नाहीत. मला दे."

आणि भक्तहो, काय सांगावे! दानियेलची थरथर थांबली, विळा हातून गळाला. इकडे महाराज जमिनीवर कोसळले. डोळे पांढरे झाले, ओकारीवर ओकारी येऊ लागली, हाडे कुणी पिळावीत तसे ते कण्हू लागले. महाराज जातात की काय, या भीतीने दाराशी जमलेले सारे गाव गारठले.

तशाही स्थितीत महाराजांनी हात पुढे केला. "नथनियेलराव, यातलं थोडं तुम्ही घ्याल? घटकाभर?"

नथनियेलराव भिंतीला चिकटले. "नाही महाराज... मला भ्या वाटतंय."

"या माउलीला सोसशील का म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही," महाराज म्हणाले. "कोंडून हा आजार जात नसतो, बाबा. प्रभूने याला थोडी उसंत दिली आहे. माझं हे ओसरेल, पण ती उसंत संपायच्या आत याला दवाखान्यात न्या. पुढे पुष्कळ दिवस कुणीतरी याच्याजवळ बसायला हवं."

नथनियेलराव महाराजांच्या पाया पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि एस्तेरबाईंकडे बोट दाखवले.

त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली. ज्या बाईला दाराशी अडवले होते, तिच्या पायांवर कपाळ टेकले आणि लहान मुलासारखा हुंदका दिला. "चुकलो, बाई. दवाखान्यात न्यायला जीप काढतो. त्याच्याजवळ मी बसतो. तुम्ही जरा निजा."

एस्तेरबाई तिथेच चौकटीला टेकून खाली बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.