नवसाचा गूळ

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे लेकरू दुखण्यात पडलं, की आई देवीला नवस बोले, ‘एवढं वाचव माये, मोठं झालं की याची गूळतुला करीन.’ मग जत्रेत एका पारड्यात ते पोर बसे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी चढत आणि तो गूळ गावभर वाटला जाई.

सगुणाचाही असा नवस होता. पण सगुणा अंगाने चांगली भरलेली. पाणवठ्यावर मैत्रिणी म्हणाल्या, “अगं बाई, हिला गूळ कुठला पुरायला!”

झालं! ते तिच्या मनाला लागलं. भर जत्रेत आपल्यापायी ढेपीवर ढेप चढणार, या धास्तीने तिने जेवणच सोडलं. आईची पाठ फिरली की भाकरी गाईला. जत्रा येईतो गाय गुटगुटीत झाली आणि सगुणाचे गाल बसले.

जत्रेत तिच्याआधी हैबतीची पाळी होती. हा पोरगा काडीपैलवान. वजन दिसावं म्हणून पठ्ठ्याने कमरेला दगड बांधले होते. पारड्यात बसताना ते धडाधड खाली पडले आणि लोक पोट धरून हसले. पुजारी तेवढा म्हणाला, “बाळा, देवीला दगड नकोत, तू हवास. बस बघू.”

मग सगुणा बसली. आईने अंदाजाने आधीच ढेपी रचल्या होत्या, तिचं पारडं झरकन वर गेलं. मैत्रिणी बघतच राहिल्या. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. पण आई ढेपी उतरवत होती आणि रडत होती.

“आई, अगं रडतेस कशाला? गूळ वाचला की!”

“जळो मेला तो गूळ! तापात होतीस तेव्हा सुपात मावत होतीस गं. कडेवर घेतलं तरी ओझं लागत नव्हतं. देवीकडे मी तुझं वजनच मागितलं होतं. तिनं ते दिलं, आणि तू असं उधळून आलीस?”

सगुणा उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. आईनेच तिला सावरलं आणि पुजाऱ्याला सांगितलं, “आज नवस फिटला नाही. पोर जेवू दे, मग फेडीन.”

पुढच्या जत्रेत सगुणा पारड्यात ऐसपैस मांडी घालून बसली. ढेपी चढवणारा थबकला, तशी तीच म्हणाली, “हात का आखडता घेता? ठेवा अजून एक!”

मैत्रिणी हसल्याच. हसोत बापड्या. त्यांच्या तोंडातला गूळ तिच्याच वजनाचा होता.

तात्पर्य : ज्या देहावर आपल्या माणसांनी जीव टाकला, तो चारचौघांच्या हसण्याने तोलू नये.