तुळाजीची थंड चिलीम

आजोबांच्या आजोबांनीही ज्याबद्दल फक्त ऐकलेलं, त्या काळातली ही गोष्ट. खैरघळ आणि पिंपरकोंड या दोन गावांच्या मधून एक ओढा वाहायचा आणि ओढ्याकाठच्या कुरणावरून दोन्ही गावांचं हाडवैर होतं. येणंजाणं बंद होतं. खैरघळच्या तुळाजी कुंभाराची एकुलती एक लेक ठकू पिंपरकोंडला दिलेली. लग्नाच्या वर्षीच वैर पेटलं आणि पोर पलीकडेच अडकली. तिला मुलगा झाल्याचं तुळाजीला एका मेंढक्याकडून कळलं. चार वर्षं झाली, पण नातवाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. जेवताना घास हातात धरून तो तसाच बसून राही.

तडजोडीचा प्रयत्न होत नव्हता असं नाही. दर गुढीपाडव्याला दोन्हीकडचे पुरुष ओढ्याकाठी बसत आणि एकच चिलीम सगळ्यांत फिरे. रीत अशी होती, की चिलीम त्या वर्षी घडवलेली हवी आणि कुंभाराच्या हातून थेट बैठकीत यायला हवी, त्याच्याखेरीज मध्ये कोणी शिवायचं नाही. आणि ओढताना एकालाही ठसका लागला, तर त्याच्या गळ्याला समेट मान्य नाही असं धरायचं आणि उठायचं. चारही वर्षं कोणी ना कोणी खोकलाच. बहुतेक वेळा पिंपरकोंडचे राणोजी पाटील. मग तंबाखू जहाल होती की विस्तव जास्त, यावर वर्षभर वाद चाले. चिलमीकडे बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही. एवढी शहाणी माणसं!

सुचलं ते तुळाजीला. त्याने तळ्यातली माती बायकोच्या जुन्या लुगड्यातून सात वेळा गाळली. चिलमीचं भोक असं सरळ पाडलं, की एका टोकाला डोळा लावला तर पलीकडे आभाळ दिसावं. आत बसवायला ओढ्यातला एक गोल खडा निवडला, निखारा अडवणारा आणि धुराला वाट देणारा. आव्याच्या भट्टीतून चिलीम भाजून निघाली तेव्हा टिचकी मारताच घंटेगत वाजली, असं म्हणतात.

त्याने ती नातवाची बातमी आणणाऱ्या त्याच मेंढक्याला दाखवली. म्हाताऱ्याने ती हातात घेतली नाही. आपल्या काळ्याकुट्ट चिलमीचा झुरका घेत तो नुसता म्हणाला, "आव्यात चिलीम निम्मीच भाजती, कुंभारा. उरलेली वढणाऱ्याच्या छातीत भाजती."

तुळाजी घरी आला. कोऱ्या मातीचा जाळ पहिल्या ओढणाऱ्यांच्या घशात उतरतो, हे त्याला कळलं. रीतीप्रमाणे पाडव्याआधी ती चिलीम ओढू शकणारा एकच माणूस होता, तो स्वतः. आणि त्याची छाती तर जन्माची नाजूक. आव्याचा धूर लागला तरी तीन दिवस धाप लागायची.

दिवाळीपासून तो रोज सकाळी ती चिलीम भरून ओढू लागला. खोकून खोकून डोळे लाल होत. पौषात आवाज बसला. माघात तो कुजबुजूनच बोलू लागला. बायको पारू पाया पडली, पुरे करा म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, "माझ्या घशाला लागंल तेवढं लागू दे गं. दुसऱ्या कुणाला नको लागाया." त्यानंतर तो कोणाशी बोलल्याचं कोणी सांगत नाही.

पाडवा आला. चिलीम ओल्या फडक्यात धरून तुळाजीने बैठकीत दिली. एकदाच भरली होती, एकदाच पेटवली होती, आणि ती दीडशे माणसांत फिरली तरी विझली नाही, असं म्हणतात. धूर निळा होता आणि गार होता. ज्याच्या हाती ती येई तो झुरका घेऊन चकित होऊन बसे. शेवटी ती राणोजी पाटलांकडे आली. दोन्ही गावांनी श्वास रोखले. ओढ्याचं पाणीसुद्धा थांबलं होतं, असं म्हणतात. पाटलांनी मोठा झुरका घेतला. डोळे मिटले.

"पाण्यावानी उतरला," पाटील म्हणाले, आणि समेट झाला.

पलीकडच्या काठावर बायका उभ्या होत्या. त्यांत मूल कडेवर घेतलेली ठकू होती. तुळाजी ओढ्यात गुडघाभर उतरला. लेकीला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. निघाली ती निळ्या धुराची एक रेघ. ती पाण्यावरून तरंगत गेली, गर्दीतून वाट काढत ठकूच्या गालाला लागली. तिने वळून पाहिलं आणि बापाला ओळखलं. मग ती पाण्यातून धावतच आली.

अजूनही पाडव्याला दोन्ही गावांतले बाप त्या ओढ्याकाठी उभे राहतात आणि सासरी गेलेल्या लेकींना नाव घेऊन, छाती फुटेपर्यंत हाका मारतात. पण त्याआधी सगळे मिळून एक हाक ठकूच्या नावाने देतात. ती तुळाजीच्या वाटची.