भट्टीची ऐसपैस जागा

यंत्रं आपापली जागा स्वतःच ठरवत असत, त्या काळातली ही गोष्ट. काचेच्या एका नव्या कारखान्यात काच कापणारं टेबल, कडा घासणारं चाक आणि काच तापवून कणखर करणारी भट्टी जागेवरून भांडत होती.

"माझ्यावाचून काचेला किंमत नाही, मला ऐसपैस बसू द्या," म्हणत भट्टी पसरली. तरी मधला मोकळा पट्टा तिच्या डोळ्यांत खुपत होता. "एवढी जागा वाया का घालवायची?"

"भट्टीबाई, तिथूनच तुमच्याकडे काच आणायचीय," काचा वाहणारा गाडा म्हणाला. "वळायला जागा नको का?"

"तू तर सदा फिरतीवर. तुला कशाला हवी जागा?"

सगळी हसली. टेबल आणि चाक हातभर पुढे सरकली, उरलेला पट्टा भट्टीने गिळला आणि विटांत स्वतःला पक्कं बांधून घेतलं.

पहिल्याच दिवशी भलीमोठी काच आली. टेबलाने ती कापली, चाकाने कडा घासल्या. गाडा ती उभी घेऊन निघाला आणि भट्टीच्या कोपऱ्याशी अडकला.

"अरे, जरा तिरका हो! मी केव्हाची पेटून बसलेय!" भट्टी ओरडली.

"कुठे होऊ, बाई?" गाडा हळूच म्हणाला. "हललो तर काच फुटेल."

भट्टी दिवसभर रिकामीच धगधगत राहिली. काच समोर हातभर अंतरावर उभी होती. तिच्यात भट्टीला एकच गोष्ट दिसत होती: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली ती स्वतः.