जाणकाराच्या रकान्यातला अंगठा

मंडळी, सह्याद्रीच्या पायथ्याला एका तालुक्याच्या गावी वनस्पती अभ्यास मंडळ होतं. राखीव पठारावर जायला आता त्या मंडळाचं ओळखपत्र लागे. ठाकरवाडीच्या चिमाबाई उघडे जन्मभर त्याच पठारावर औषधी मुळ्या गोळा करत आलेल्या. त्यांनी सभासद व्हायला अर्ज केला.

भर सभेत अध्यक्ष केळुसकर सर हसून म्हणाले, "चिमाबाई, इथं जाणकारच सभासद होतात. तुम्ही शाळेची पायरी तरी चढलात का?"

"न्हाई चढले, सायेब," चिमाबाई शांतपणे म्हणाल्या. "मग त्या कपाटातले माझे अंगठे तेवढे काढून द्या."

मंडळाची रीत अशी, की वाळवलेल्या प्रत्येक रोपाच्या कागदावर ते ओळखणाऱ्या जाणकाराची सही हवी. सरांना रोपं ओळखू येत नसत, म्हणून वर्षानुवर्षं ते त्या रकान्यात चिमाबाईंचा अंगठा घेत आले होते. आणि विद्यापीठाकडून या कागदांची तपासणी तर चार दिवसांवर आलेली.

चिटणीस कागद काढू लागले. टेबल भरलं, मग दोन खुर्च्या भरल्या. कपाटात सरांच्या सहीचा एकच कागद उरला. त्यावर त्यांच्याच अंगणातली सदाफुली होती.

सरांनी खाकरून अर्ज पुढं ओढला. तळाशी 'शिफारस करणाऱ्या जाणकाराची सही' असं छापलं होतं. तिथं त्यांचं पेन थबकलं.

"करा की, सायेब," चिमाबाई म्हणाल्या. "सदाफुली तुम्हीच वळखलीत न्हवं?"