कारवंड्याची हरवलेली सांज

धुरपाईच्या राईतलं पान तोडायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. कारवंड्यात जन्मलेल्या प्रत्येकाला चालता येण्याआधी हे सांगितलं जातं. मी सहा वर्षांची असताना विचारलं होतं. आईनं पाठीत धपाटा घातला आणि राईकडं तोंड करून माझ्या वतीनं माफी मागितली.

राई म्हणजे शेवग्याची त्रेपन्न झाडं. आमचा डोंगर पर्जन्यछायेतला. पौष सरत आला की सगळी उतरण वाळक्या कुसळांनी पिवळी पडते, विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या होतात, आणि त्या पिवळ्यात विहिरीपासून दोनशे पावलांवर ही राई तेवढी हिरवी असते. लांबून पाहिलं तर वाटतं, डोंगरावर ढगाची सावली पडली आहे आणि ती पुढं सरकायची विसरली आहे. जवळ गेलं की बारीक खुळखुळ ऐकू येते. शेंगाही कुणी काढत नाही. त्या झाडावरच वाळतात आणि वाऱ्यानं वाजतात. एखादी फांदी आपोआप मोडून पडलीच, तर ती ओल्या मातीत खोचतात. अशी झाडातून झाड होत राई टिकली आहे.

पौषातल्या शेवटच्या मंगळवारी विहिरीपासून राईपर्यंत अंबाडीची दोरी बांधतात. दिवस मावळला की सगळं गाव डोळे मिटून, दोरी धरून चालत जातं. सगळ्यांत पुढं एक गरोदर बाई असते. राईपाशी पोचली की ती डोळे उघडते आणि मोठ्यानं म्हणते, "चांदणी दिसली." मग मागच्यांनी डोळे उघडायचे.

यंदा पुढं माझी कांचनवहिनी चालणार होती. तिला सातवा महिना होता.

दोरी बांधून झाली होती. दुपार उतरत होती. कराडहून शिंगटे नावाचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी मुद्दाम हा दिवस बघायला आले होते. राईचे गुरव खंडूतात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, त्यांना विहिरीजवळच्या पारावर घेऊन बसले. गावातले आणखी दोघं म्हातारे पानाची चंची सोडून शेजारी टेकले. वहिनी आणि मी खालच्या पायरीवर होतो. ही गोष्ट मला पाठ आहे. तात्या ती कुठं लांबवतात आणि कुठं घाईनं उरकतात, तेही पाठ आहे.

फार मागं, असं सांगतात, तीन वर्षं पाऊस डोंगर ओलांडून अलीकडं आलाच नाही. आधी परड्यातल्या भाज्या गेल्या. मग गाई-म्हशी गेल्या, त्यांच्याबरोबर दूध गेलं. राहिली ती पेवातल्या जोंधळ्याची भाकरी आणि मीठ. पोटं भरत होती म्हणे. म्हणूनच काही कमी पडतं आहे हे कुणाला कळलं नाही.

मग गावातून सांज नाहीशी झाली.

आधी ती लेकरांची गेली. सूर्य डोंगराआड झाला की त्यांचं जग मिटायचं. खेळता खेळता पोरं होती तिथं थांबायची आणि आपापल्या आईला हाका मारायची. मग पोटुश्या बाया, मग अंगावर पाजणाऱ्या. सांजवेळ रोज यायची. गार वारा यायचा, परतणाऱ्या पाखरांचा कालवा यायचा, चुलीचा धूर यायचा, पण तो निळा उजेड कुणाच्या डोळ्यांत उतरायचा नाही. मधली पायरी कुणी काढून घेतल्यासारखा दिवस सरळ काळोखात पडायचा. दुष्काळात जन्मलेल्या मुलांना तर सांज म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तेव्हा गावानं अंबाडीची दोरी वळली आणि विहिरीपासून दारोदार बांधली. बाया एका हातानं घागर आणि एका हातानं दोरी धरून घरी जायच्या. एकीची दोरी सुटली आणि ती विहिरीत गेली. तिचं नाव कुणाला आठवत नाही. तात्या इथं थांबत नाहीत. मी दर वर्षी थांबते.

गावाबाहेर पाणंदीच्या टोकाला धुरपा नावाची बाई राहायची. नवरा मेंढरं घेऊन खाली कोकणात गेला तो परतला नव्हता. पदरात एक लेक आणि दावणीला चार शेळ्या. दुष्काळात तिच्या वाट्याला पोटभर जोंधळाही आला नाही. झोपडीमागं शेवग्याचं एक झाड होतं. शेवगा दारात अशुभ, म्हणून गावात तो कुणी लावत नसे. त्याचा पाला फार तर शेळ्यांपुढं टाकावा. धुरपा अर्धा शेळ्यांना घाली आणि अर्धा आपण शिजवी.

एका सांजेला दोरी धरून परतणाऱ्या बायांना उतरणीवरून हसू ऐकू आलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं. पण धुरपाची लेक करडामागं पळत होती, आणि तिची पावलं कुठं अडखळत नव्हती, एवढं त्या आवाजावरून कळत होतं. त्या उभ्या राहून ऐकत राहिल्या. कितीतरी दिवसांत कुणी त्या वेळेला पळालं नव्हतं.

घरोघर एकच बोलणं सुरू झालं. सगळ्यांची सांज धुरपानं चोरली आणि लेकीच्या डोळ्यांत लपवली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, म्हणजे दिसत होतं तेव्हा, गाव काठ्या घेऊन तिच्या दारात उभं राहिलं.

"आमची सांज दे. कुठं ठेवलीस?"

धुरपानं म्हणे शांतपणे मडक्यावरचं झाकण काढलं. "माझ्या घरात एवढंच आहे. खाऊन बघा."

कुणी खाल्लं नाही. शेळीचा चारा माणसानं खायचा? तेव्हा तिथंच, सगळ्यांच्या देखत, तिनं शपथ घेतली: गावाच्या प्रत्येक दारातून चांदणी दिसेपर्यंत मी माझ्या घरी जेवणार नाही.

त्या दिवसापासून ती रोज पाटीभर पाला घेऊन घराघरात जाऊ लागली. चुलीवरच्या भांड्यात मूठभर पाला टाकायचा, करडईच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, एक घास आधी आपण खायचा आणि बाकीचा लेकरांना भरवायचा. दारात आलेल्या बाईला हाकलायचं कसं, म्हणून लोक घरात घेत गेले. पोरं खातात म्हणून आयाही खात गेल्या. झाड एकच होतं. पण संध्याकाळी ओकंबोकं केलेलं ते झाड सकाळी पुन्हा पानांनी भरलेलं असायचं. शेवगा छाटला की जोरानं फुटतो, हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी ते झाड भरलेलं दिसायचं, हे ऐकायला मला अजून आवडतं.

चाळीसाव्या दिवशी एका घराच्या ओट्यावर आईच्या मांडीवरची तीन वर्षांची पोर म्हणाली, "आये, हे निळं निळं काय आहे?"

आईला अजून काही दिसत नव्हतं. तरी तिला समजलं. "ती सांज आहे," ती म्हणाली, आणि लेकीनं सगळं सांगावं म्हणून तिला विचारत राहिली. डोंगर कसा दिसतो? विहीर कशी दिसते? माझं तोंड कसं दिसतं?

मग एकेका दारातून चांदणी दिसत गेली. त्रेपन्नाव्या, म्हणजे शेवटच्या घरात दिसली त्या दिवशी धुरपा पाटी घेऊन आपल्या घरी जेवायला निघाली. ती पोचली नाही. इतके दिवस पाल्याच्या घासांपलीकडं तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. विहिरीच्या पुढं ती जराशी टेकली, आणि सकाळी तिथं बाई नव्हती. पाटीतल्या फांद्यांनी जमिनीत मुळं धरली होती. मोजल्या तर त्रेपन्न भरल्या म्हणे.

"तेव्हापासून ही झाडं देवीची," तात्यांनी हात जोडले. "आजही त्यांना कुणी हात लावत नाही."

मग शिंगटेबाईंनी अगदी सहज विचारलं, "मग भाजी कशी करता हो तुम्ही? आम्ही मुगाची डाळ घालतो."

"भाजी?" तात्यांचे हात सुटले. "अवं बाई, देवीचं अंग हाय ते!"

"आमच्यात पाव्हण्याला वांगं वाढत्यात," चंचीवाल्या म्हाताऱ्यानं टोला दिला. "देवी न्हाय वाढत." सगळे हसले. शिंगटेबाईही ओशाळून हसल्या.

सूर्य डोंगराआड गेला होता. वहिनीनं पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. हात तांब्याच्या वीतभर अलीकडं दगडावर फिरला, मग पलीकडं गेला आणि तांब्या लवंडला.

"बघा, बघा," दुसरा म्हातारा हरखला. "धुरपाईनं हात धरला पोरीचा! अशी खरी चालणारी किती वर्षांनी मिळाली."

तीन आठवडे हे चाललं होतं. पहिल्यांदा वहिनी सांजेला गोठ्याच्या उंबऱ्यावर पडली, तेव्हा देवीची खूण म्हणून घरात साखर वाटली. काल मी तिला उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "गुरुवारी तालुक्याला घेऊन जा, औषधाचं डॉक्टर बघतील. पण रोजच्या ताटात हिरवं असू द्या. आणि हिच्या एकटीच्याच नाही, सगळ्या घराच्या." हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, दिवस गेलेल्या बाईनं पालेभाजी खाल्ली की वात होतो. आणि यंदा परड्यात आहे तरी काय? विहीर तळाला गेली आहे. बाजार आठवड्याला एक, तोही दोन डोंगर पलीकडं. कारवंड्यात हिरवं म्हणून जे काही उरलं आहे, ते सगळं पारावरून दिसत होतं.

मी उठले आणि चालत गेले. दोनशे पावलं फार नसतात. पहिल्याच झाडाची हाताला आली ती फांदी वाकवली. कोवळा पाला इतका सहज सुटून आला, की मीच क्षणभर थांबले. ओच्यात मावेल तेवढा घेतला.

परत आले तेव्हा तात्या आणि ते दोघं म्हातारे उठून उभे होते. दोरीजवळ जमलेली माणसं मागं सरकली होती.

"वैजे," तात्या पुढं आले, "ठेव ते देवीपुढं. नाक घास."

"तात्या, तेवढे दिवस धुरपाई पाटीत काय घेऊन फिरली?"

"तोंड वर करून बोलू नको! कॉलेजात हेच शिकलीस?"

"हे इथंच शिकले. तुमच्याकडून. दर वर्षी."

"अगं, सांज जाईल गावातून!"

"गेली आहे. आमच्या घरातून गेली आहे. बघा तिच्याकडं."

वहिनी माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होती, पण मी होते त्याच्या जरा डावीकडं. चेहऱ्यावर ते हसू होतं, जे ती हल्ली या वेळेला चढवून ठेवते.

तात्यांनी दोरीचं टोक उचलून पुढं केलं. आता त्यांचा स्वर जवळजवळ विनवणीचा होता. "गाव खोळंबलंय, पोरी. ते टाक खाली. वहिनीच्या हातात दोरी दे. एवढं चालू दे तिला, मग बघू."

"नाही देणार. ती चालणार नाही. राईपाशी जाऊन 'चांदणी दिसली' म्हणणार नाही, कारण तिला दिसत नाही. ती घरी येणार आहे, आणि ही भाजी मी चुलीवर टाकणार आहे. आज, उद्या, रोज. ज्याला खायची असेल त्यानं यावं."

तात्या दोरीचं टोक हातातच धरून उभे राहिले. चंचीवाला म्हातारा खाली मातीकडं बघत राहिला, दुसरा त्याच्याकडं.

वहिनीनं चाचपडत माझा हात धरला.

"वैजू," ती हळूच म्हणाली, "सगळे गप्प का झाले गं?"